सायकलचं मासिक आणि सोहन्याचा उतार

हेमलताताई कुठलंही मासिक शेवटच्या पानापासून उघडतात. मुखपृष्ठ नाही, संपादकीय नाही. आधी वाचकांची पत्रं, मग चुकीची दुरुस्ती छापलेली एखादी चौकट असेल तर ती, मग जाहिराती. तीन अंक असे उलटे चाळून झाले की मग पहिला लेख. केंद्र सरकारच्या एका खात्याच्या ग्रंथालयात त्या एकतीस वर्षं, मधली दोन सोडली तर, नियतकालिकांचा विभाग सांभाळतायत. कुठलं चालू ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं हे दर डिसेंबरात त्या लिहून देतात, आणि साहेब लोक बहुतेक वेळा त्यांच्या शेऱ्याखाली मुकाट सही करतात.

एकदा नाही केली. एका बड्या अधिकाऱ्याच्या मेव्हण्याचं मासिक होतं. ताईंनी शेरा मारला, ‘नूतनीकरणाची शिफारस नाही. गेल्या चार अंकांतले सहा लेख इतरांचे आहेत, नावं बदललेली आहेत.’ शेरा बदलून द्या म्हणून वरून निरोप आला. ताईंनी बदलला नाही. पुढची दोन वर्षं त्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये होत्या, जिथे दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. हे त्यांनी स्वतः मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं.

मी वैभवी, त्यांची शेजारीण. दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये आमची सरकारी क्वार्टर्स समोरासमोर आहेत, आणि सेक्टरातल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाची मी सेक्रेटरी आहे. वाचनालय म्हणजे समाज सदनाच्या, कॉलनीच्या सभागृहाच्या, मागच्या दोन खोल्या आणि एक व्हरांडा. संध्याकाळी शेजारच्या मुनिरक्याहून परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली येतात, कारण त्यांच्या खोल्यांत टेबल मावत नाही आणि आमच्याकडे सहा आहेत.

त्यातलीच एक चेतना. मूळची हिंगोलीची, दोन वर्षांपासून मुनिरक्यात चौथ्या मजल्यावर राहते. नोव्हेंबरात तिने नवी सायकल घेतली, ‘शिखर’ नावाची. जिना इतका अरुंद की सायकल वर नेता येईना, म्हणून ती आमच्या व्हरांड्यात ठेवायला लागली. संध्याकाळी वाचनालय उघडून बसतात त्या हेमलताताईच. त्यांनी परवानगी दिली, पण आधी सायकल उलटी करायला लावून पायडलच्या खाली ठोकलेला फ्रेम नंबर वाचनालयाच्या वहीत लिहून घेतला. ‘चोरीला गेली तर पोलीस पहिल्यांदा हेच विचारतात,’ म्हणाल्या. स्वतः त्या बावीस वर्षं काळ्या लेडीज सायकलवरून ऑफिसला जातात, त्यामुळे सायकलच्या बाबतीत त्यांचं सगळे ऐकतात.

चेतनाला सायकलचं वेड लावलं जयदीपने. जयदीप आमच्याच सेक्टरात वाढलेला, गुरुग्रामला नोकरी करतो, आणि दर रविवारी पहाटे सात-आठ जणांना घेऊन लांब राइडला जातो. बोलायला गोड, मदतीला पुढे. मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, माइक जोडण्यापासून खुर्च्या उचलण्यापर्यंत तोच. जानेवारीत त्याने कमिटीपुढे प्रस्ताव ठेवला की वाचनालयाने एक सायकलिंगचं मासिक सुरू करावं.

‘मुलं येतात, काकू. मोबाइलपेक्षा बरं, बिल्कुल,’ तो म्हणाला.

कल्पना सगळ्यांना आवडली. कुठलं घ्यायचं हे हेमलताताईंवर सोपवलं गेलं. त्यांनी तीन मासिकांचे तीन-तीन अंक मागवले. एक परदेशी होतं. ते त्यांनी दोन दिवसांत बाजूला ठेवलं. ‘बर्फात टायर कसं निवडावं यावर अकरा पानं आहेत,’ एवढंच म्हणाल्या. दुसरं जयदीपच्या पसंतीचं, दिल्लीतूनच निघणारं, गुळगुळीत कागदाचं इंग्रजी मासिक. तिसरं लुधियान्याहून पोस्टाने येणारं हिंदी त्रैमासिक. त्याचं नाव ‘चक्का’. हिंदीत चक्का म्हणजे चाक, पण ते ऐकून माझ्या डोळ्यांसमोर फडक्यात टांगलेलं दही आलं, आणि अंक बघितल्यावरही मत फारसं सुधारलं नाही. पिवळट कागद, फिकट छपाई, चित्रं काळपट. मुखपृष्ठावर एका गिअरचा फोटो होता, तो गिअर आहे हे खाली लिहिलेलं होतं म्हणून कळलं.

इंग्रजी मासिक ताईंनी पंधरा दिवस वाचलं. त्यात ‘शिखर’ सायकलवर चार पानी परीक्षण होतं, जयदीपच्या नावाने. चेतनाने तेच वाचून सायकल घेतली होती. ताईंनी मला एवढंच विचारलं, ‘ह्यात वाचकांची पत्रं कुठे आहेत?’ मी शोधली. नव्हती. तिन्ही अंकांत एकही नव्हतं.

निर्णयाची मीटिंग फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळी अकराला ठरली. आदल्या संध्याकाळी चेतना सायकल घ्यायला आली. रविवारी सोहन्याचा चढ करायचा होता. गुरुग्रामच्या पुढे सोहना गावाबाहेर अरवलीत एक वळणावळणाचा रस्ता चढतो. आपल्याकडच्या माणसाला त्याला घाट म्हणायला जड जाईल, पण दिल्लीच्या सपाटीवर राहणाऱ्यांना तो पुरतो.

‘ब्रेक दाबला की पुढून कट कट आवाज येतो,’ चेतना सायकल पुढे-मागे करत म्हणाली. ‘जयदीपदादा म्हणतो, नवीन आहे, बसेल हळूहळू.’

हेमलताताई वहीत सही घेत होत्या. ‘जपून जा,’ म्हणाल्या.

*

रविवारी सकाळी पावणेसातला माझी बेल वाजली. दारात ताई. अंगावर घरातलाच सलवार-कुर्ता, वर शाल, एका हातात वाचनालयाची वही, दुसऱ्या हातात ‘चक्का’चा अंक.

‘गाडीची किल्ली घे, वैभवी. सोहन्याला जायचंय. गाडीत सांगते.’

मी त्यांना इतक्या वर्षांत कधी घाईत बघितलं नव्हतं. पायात चपला सरकवल्या आणि निघाले. ‘हा मी आज पहाटे वाचला,’ रिंग रोडला लागल्यावर त्या म्हणाल्या. मग अंक उघडून वाचायला लागल्या.

जानेवारीच्या अंकात दोन पत्रं होती. एक कर्नालच्या सायकल मेकॅनिकचं. त्याच्याकडे दोन महिन्यांत तीन ‘शिखर’ सायकली आल्या, तिन्हींचा पुढचा चिमटा, म्हणजे चाक ज्यात बसतं ते दोन पायांचं लोखंड, हँडलच्या नळीला जिथे जोडलेला असतो तिथेच तडकलेला. दुसरं पत्र रोहतकच्या एका शिक्षिकेच्या नवऱ्याचं होतं. उतारावर ब्रेक दाबल्यावर चिमटा तुटला, चाक निघालं, बाई तोंडावर पडल्या. जबड्याची दोन ऑपरेशनं झाली. पत्रांखाली संपादकांनी लिहिलं होतं की त्यांनी स्वतः बाजारातून दोन सायकली आणून चिमटे कापून बघितले. वेल्डिंग वरवरचं होतं, आतपर्यंत उतरलेलंच नव्हतं. कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. मग त्या मालाचे नंबर कुठल्या अक्षरांनी सुरू होतात ते दिलं होतं, आणि ठळक अक्षरांत एक ओळ : ब्रेक लावताना पुढून ‘कट’ असा आवाज येत असेल तर सायकल दुकानापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका.

‘आणि नंबर?’ मी विचारलं.

त्यांनी मांडीवरची वही उघडून माझ्या बाजूला धरली. मी रस्त्यावरून नजर काढली नाही. ‘जुळतो,’ त्या म्हणाल्या.

चेतनाचा फोन वाजून वाजून बंद होत होता. राइडमध्ये फोन सगळे पाठीवरच्या खिशात ठेवतात, तेही आवाज बंद करून. जयदीपचाही लागेना. ताईंनी अंकावरचा लुधियान्याचा नंबर फिरवला. रविवारची सकाळ, सात वाजलेले. मला वाटलं कोणी उचलणार नाही. तिसऱ्या रिंगला एका म्हाताऱ्या, खरखरीत आवाजाने ‘हां जी’ म्हटलं. ते संपादक होते, गुरमेल सिंग. ताईंनी स्पीकर लावला, दोन वाक्यांत काय ते सांगितलं आणि नंबर वाचून दाखवला.

पलीकडे त्यांनी तो नंबर एकदा स्वतःशी पुटपुटला.

‘मैडम, यही है,’ ते म्हणाले. ‘आवाज़ कब से आ रही है?’

‘पता नहीं. कल सुना मैंने.’

‘बच्ची कहाँ है?’

ताईंनी सांगितलं.

‘चढ़ाई पे डर नहीं. उतराई पे है. अगला ब्रेक ज़ोर से नहीं लगना चाहिए, बस इतना याद रखिए. अचानक मत रोकिए उसको.’

फोन ठेवून ताईंनी पुन्हा जयदीपला लावायला सुरुवात केली. गुरुग्रामच्या काचेच्या इमारती मागे पडत होत्या. पुलावर धुकं होतं, ट्रक दिवे लावून चालले होते. मी पन्नासच्या वर गाडी नेत नव्हते. ताई म्हणाल्या, ‘थोडी जोरात घे.’ मी घेतली.

सव्वासातच्या पुढे जयदीपने फोन उचलला. कोणाचं तरी टायर पंक्चर झालं होतं म्हणून ते सोहन्याच्या अलीकडे थांबले होते.

‘जयदीप, चेतना कुठे आहे?’

‘पुढे गेली, काकू. अमोलबरोबर. का?’

ताईंनी सांगितलं. शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. पत्रं, नंबर, लुधियान्याचा फोन.

‘काकू, ती सायकल मी स्वतः टेस्ट केलीय. असं काही नाहीये. हे कुठलं मॅगझिन आहे? तुम्ही घाबरू नका यार... सॉरी. घाबरू नका.’

‘मी घाबरले की नाही हा प्रश्न नाही. तिला वरच थांबव. उतरू देऊ नकोस.’

‘अच्छा, सांगतो.’

‘लगेच.’

‘सांगतो, काकू.’

फोन बंद झाला. मी म्हटलं, ‘बरं झालं, लागला एकदाचा.’ दहा मिनिटांनी ताईंनी पुन्हा जयदीपला लावला. लागला नाही. चेतनाला लावायला घेतला आणि मध्येच थांबल्या.

‘आता नको,’ म्हणाल्या. ‘उतारावर असली आणि खिशात फोन थरथरला, तर बघायला म्हणून ब्रेक दाबेल.’

तोपर्यंत आपण फक्त निरोप पोचवायला चाललोय असं मला वाटत होतं. निरोप पोचवण्याचाच धोका असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

आठला दहा कमी असताना आम्ही सोहना गावाबाहेर चढाच्या पायथ्याशी पोचलो. तिथे चहाच्या टपरीपाशी चार सायकली टेकवलेल्या, आणि जयदीप हेल्मेट काढून चहा घेत उभा. पंक्चर काढून तो वर जाऊन उतरूनही आला होता. त्याला बघून मला हायसं वाटलं, मग आजूबाजूला पाहिलं. चेतना नव्हती.

ताई गाडीतून उतरल्या. ‘सांगितलंस?’

जयदीपने ग्लास खाली ठेवला. ‘वर भेटली ती. सगळे होते, काकू. म्हटलं खाली आल्यावर निवांत बघू. मुलगी नर्व्हस झाली असती तर उगाच...’

‘आता कुठे आहे?’

‘वरच. पाणी भरायला थांबली होती. अमोल आहे बरोबर.’

‘अमोलला फोन लाव.’

अमोल आमच्या वाचनालयातलाच एक मुलगा. त्याने लगेच उचलला. स्पीकरवर त्याचा आवाज अगदी मोकळा, सकाळच्या हवेतला होता. ‘चेतना? आत्ताच निघाली. मिनिट झालं असेल. मी बाटली भरून येतोच.’

ताई गाडीत बसल्या, जयदीप मागचं दार उघडून आत शिरला, आणि मी चढ पकडला. रस्ता अरुंद, एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा, तोही जागोजागी पडलेला. समोरून एक डंपर आला, मी जेमतेम बाजूला घेतली. पहिलं वळण, दुसरं वळण. प्रत्येक वळणापलीकडे ती असेल आणि आमची गाडी अचानक बघून ब्रेक दाबेल असं मला वाटत होतं.

‘थांब,’ ताई म्हणाल्या. ‘इथेच.’

दुसऱ्या आणि तिसऱ्या वळणाच्या मध्ये रस्ता दीडशे-दोनशे पावलं सरळ होता आणि उतार जरा मंद होता. कडेला खडी पसरलेली होती. मी गाडी खडीत घेतली.

‘आपण रस्त्यात उभं राहून थांबवू या का?’ मी म्हटलं.

‘नाही. माणूस बघून ती दचकेल.’ त्या जयदीपकडे वळल्या. ‘तुमच्यात हळू व्हायची काही खूण आहे? सवयीची?’

त्याने हात बाजूला लांब करून तळवा खाली धरला आणि हवा थोपटल्यासारखं केलं. ‘ही. पुढे खड्डा असला की करतो. म्हणजे पायडल सोडायचं आणि मागचा ब्रेक.’

‘फक्त मागचा?’

‘मी त्यांना तसंच शिकवलंय.’

‘मग ती कर. कडेला उभा राहा, आणि ओरडू नकोस. बोलायचं असेल तर आपलं नेहमीचं बोल.’

तो वीस पावलं वर जाऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला, हात लांब करून. ताई त्याच्या खाली उभ्या राहिल्या. मी गाडीपाशी. खालून दुसरा एखादा डंपर येत असल्याचा घुरघुराट ऐकू येत होता. वरून काहीच येत नव्हतं. मला वाटलं, एव्हाना ती यायला हवी होती. तिला निघून किती वेळ झाला हे मला हिशेब करून सांगता आलं नसतं, पण वेळ उलटून गेलाय एवढं वाटत होतं, आणि वर जाऊन बघायचीही सोय नव्हती.

मग वळणावर पिवळं जाकीट दिसलं.

वेग बराच होता. जयदीपने हवा थोपटायला सुरुवात केली. तिने त्याला पाहिलं, मान जराशी वर झाली. तिला कळेना की खाली गेलेला माणूस इथे कसा. तिचे दोन्ही हात हँडलवर आवळले गेले, ते मला इतक्या लांबून दिसलं.

‘मागचा, चेतना,’ जयदीप म्हणाला. आवाज नेहमीसारखा ठेवण्याचा त्याने प्रयत्न केला होता आणि तो बऱ्यापैकी जमला होता. ‘फक्त मागचा. पुढे खड्डा आहे. मागचा.’

मागचं चाक फरफटलं. सायकल थोडी तिरकी झाली, सरळ झाली. ती जयदीपच्या समोरून गेली, मग ताईंच्या. ताई तिच्याकडे बघत चालायला लागल्या, धावल्या नाहीत, आणि तळवा खाली धरून म्हणाल्या, ‘अशीच. पाय टेकव आता. खडीत घे.’ चेतना आमच्या गाडीच्या पुढे खडीत शिरली, टायर रुतलं, आणि चालीच्या वेगाने ती आडवी पडली. डंपर हॉर्न देत वर निघून गेला.

गुडघा सोलवटला होता. बाकी काही नव्हतं. ‘काय झालं? कुठे आहे खड्डा?’ तिने विचारलं.

ताई तिच्याशेजारी खाली बसल्या. आधी गुडघा बघितला, मग शालीच्या टोकाने सायकलच्या पुढच्या भागावरची धूळ पुसली, हँडलच्या नळीच्या खाली, जिथे चिमटा वर जाऊन मिळतो तिथे. रंगावर एक रेघ होती. केसाएवढी, तपकिरी, अर्ध्याहून जास्त वळसा घेतलेली.

जयदीपने पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि हँडल एकदाच मागे ओढलं. जोर लावला असंही नाही. कट आवाज झाला आणि चिमटा एका बाजूने सुटून वाकडा झाला.

तो ते हँडल धरून तसाच बसून राहिला. चेतना उठून त्याच्या बाजूला आली आणि वाकून बघितलं.

‘तू म्हणाला होतास आवाज बसतो,’ ती म्हणाली.

जयदीपने हँडल खाली ठेवलं.

‘आणि वर म्हणालास काकूंचा फोन होता, त्यांना मॅगझिनबद्दल काही बोलायचंय.’

हे आम्हाला माहीत नव्हतं. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी फक्त शाल झटकली आणि गाडीचं मागचं दार उघडलं, चेतनाला बसता यावं म्हणून. अमोल वरून आला तेव्हा तुटलेली सायकल आम्ही डिकीत अर्धी आत, अर्धी बाहेर बांधत होतो. घरी पोचेपर्यंत चेतना खिडकीबाहेर बघत होती. मुनिरक्याच्या तोंडाशी तिला सोडलं तेव्हा तिने ताईंचा हात धरला, आणि मग एकदम रडायला लागली. ताई गाडीतून उतरून तिच्याबरोबर चार मजले वर गेल्या. मी खाली थांबले. वीस मिनिटांनी आल्या.

*

मीटिंग पुढच्या रविवारी झाली. कोणीतरी सुचवलं की तुटलेला चिमटा टेबलावर ठेवावा, म्हणजे चर्चाच नको. ताईंनी तो आत कपाटात ठेवायला लावला. ‘आपण मासिक निवडतोय,’ म्हणाल्या.

मग त्यांनी कागद काढून वाचायला सुरुवात केली. ‘चक्का’ची छपाई वाईट आहे. शुद्धलेखन त्याहून वाईट. गेल्या वर्षी एक अंक पाच आठवडे उशिरा निघाला. महिलांच्या सायकलवर तीन अंकांत एक लेख आहे आणि तोही सीटच्या उंचीवर. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

‘आणि माझ्याबद्दल एक सांगायचंय. हे अंक माझ्याकडे पोस्टाने येऊन नऊ दिवस झाले होते. मी शेवटी ठेवले, कारण दिसायला बरे नव्हते. शनिवारी संध्याकाळी चेतनाने आवाजाचं सांगितलं तेव्हा हा अंक माझ्या पिशवीत होता, टेबलाखाली. एकतीस वर्षं मी लोकांना सांगतेय की कागद बघू नका, मजकूर बघा.’ त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ‘ते नऊ दिवस माझे आहेत. दुसऱ्या कोणाचे नाहीत.’

मागच्या खुर्चीवरून जयदीप उठला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं.

‘ती सायकल माझ्याकडे दोन दिवस होती,’ तो म्हणाला. ‘पन्नास किलोमीटरसुद्धा चालवली नाही. आवाज मलाही आला होता. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की सुरुवातीला येतो, नंतर बसतो. मी ते वाक्य तसंच घातलं. छापून आल्यावर मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं.’ मग चेतनाकडे न बघता म्हणाला, ‘वर मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर परीक्षण खोटं ठरलं असतं. सगळ्यांसमोर. दुसरं कारण नाही.’

कोणी त्याला काही बोललं नाही. ते बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

‘चक्का’ एका वर्षासाठी घ्यायचं ठरलं. कोणीतरी तीन वर्षांचं म्हणालं, तर ताई म्हणाल्या, ‘एकच. पुढच्या वर्षी पुन्हा वाचून बघू.’ इंग्रजी मासिकाला जयदीपने दुरुस्ती छापायचं पत्र लिहिलं. पहिल्या अंकात नाही आलं, दुसऱ्यातही नाही. त्याने मग त्यांच्यासाठी लिहिणं सोडलं.

चेतनाच्या सायकलला करोल बागेजवळच्या सायकल बाजारातून दुसऱ्या बनावटीचा चिमटा बसवला. दीड महिना ती सायकलला शिवली नाही. घरी हिंगोलीला तिने यातलं काही सांगितलं नाही, आणि मला वाटतं अजूनही सांगितलेलं नाही. राइडला ती परत जायला लागली, पण जयदीपशी कामापुरतं बोलते.

ताईंचा प्रश्न मात्र संपला नव्हता. ‘एकट्या चेतनानेच तर ते परीक्षण वाचलं नसेल,’ त्या म्हणाल्या. मार्चच्या एका शनिवारी त्या, जयदीप आणि मी मुनिरक्याच्या गल्ल्यांतून जिन्याखाली, कठड्यांना बांधलेल्या सायकली बघत फिरलो. दुपारभरात चार ‘शिखर’ सापडल्या. दोन सायकलींचे नंबर वेगळे होते. तिसरीचा जुळत होता पण रेघ नव्हती. मालकिणीने ती त्याच दिवशी चालवायची बंद केली.

चौथीचाही नंबर जुळत होता; ती एका बिहारी विद्यार्थ्याची होती. तो शिकवण्या घ्यायला निघाला होता, वसंत कुंजला, तीन घरी. जयदीपने त्याला समजावायला सुरुवात केली. तो ऐकेना. ‘भैया, छह महीने से चला रहा हूँ. कुछ नहीं हुआ.’

ताईंनी जयदीपला गप्प केलं. मोबाइलचा उजेड हँडलच्या खाली धरला आणि त्या मुलाला म्हणाल्या, ‘अपना नाखून फिराओ यहाँ पर. धीरे से.’

त्याने वाकून नख फिरवलं. एका जागी ते अडकलं. त्याने पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. मग तो उभा राहिला, घड्याळ बघितलं, सायकल परत कठड्याला बांधून कुलूप लावलं, आणि वसंत कुंजच्या दिशेने पायी निघाला.